पनवेल स्टेशनातून उरलेली सळई

दचकू नका, दोडक्याच्या वेलाआडून मीच बोलतेय. मी एक लोखंडी सळई. पनवेलचं स्टेशन बांधलं तेव्हा माझ्या बहिणी स्लॅबमध्ये गेल्या. मी तुकडा म्हणून उरले. जिथे भाताची खाचरं होती तिथे बासष्ट साली गाडी आली. हार झाले, भाषणं झाली. गाडी सगळ्यांची, असं मी माझ्या कानांनी ऐकलं. विसरले नाही, म्हणून तर आज तोंड उघडलं.

दारूबंदीचे दिवस. काशीराम शिपायाने माझं टोक दगडावर घासलं आणि चोरटी दारू शोधायला मला टोपल्यांत खुपसायला सुरुवात केली. खाडीकडच्या बाया मासळी घेऊन आल्या, की मी पापलेटांच्या पोटातून आरपार. सापडायचं काय? पापलेटच!

संशयाचा रोग मलाही जडला, पण माझा संशय वेगळीकडे होता. तुळशीराम शेटची ट्रंक फलाटावर माझ्या शेजारी ठेवत. आत बाटल्या किणकिणत, फटीतून उग्र वास येई. काशीराम त्या ट्रंकेला सलाम ठोकी. मी भिंतीला टेकून उभी.

गाडी पुढे आपटा गावापर्यंत जाऊ लागली, त्यानंतरची गोष्ट. शेटची ट्रंक सलाम घेऊन डब्यात चढली आणि मागोमाग ठमाबाई आली. ही धवलारीण; आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाऊन लग्न लावणारी. भाची मालूचं लग्न आपट्याला होतं. डोक्यावरच्या टोपलीत तोंडाला फडकं बांधलेली दोन मडकी, त्यांत नवरीच्या गावच्या विहिरीचं पाणी. मांडवात पोचेपर्यंत ते जमिनीला टेकवायचं नाही, अशी त्यांची रीत. आणि मडकं फुटलं, तर नवरीच अवलक्षणी ठरायची.

"टोपली खाली ठेव," काशीराम म्हणाला.

"ठेवाची नाय."

"का गं? आतलं हिंदकळेल म्हणून?"

"लग्नाचा पानी हाय, बाबा. वास घे पायजे तर."

"लग्नाचं पाणी! तुमच्या खाडीत रोजच लग्नं लागतात वाटतं!"

दोघे-चौघे हसले. ठेवत नाही म्हणजे चोर, एवढा पुरावा त्याला पुरला. त्याने मला उचललं आणि डोक्यावरच्या टोपलीतच घातलं.

मडकं फुटलं ते माझ्या अंगभर कळलं. पाणी ठमाबाईच्या कपाळावरून गळ्यापर्यंत ओघळलं. साधं पाणी. आता कुणी हसेना. काशीराम मला घाईघाईने ओढू लागला, तशी तिने वरच्या वर मला पकडलं.

"आता काढू नको. पोरीला नावं ठेवतील, तवा मना साक्षीदार पायजे."

शिट्टी झाली. टोपली तशीच डोक्यावर घेऊन ती गाडीत चढली. टोपलीत मीही.

मांडवात फुटकं मडकं बघून नवऱ्याची आजी ताडकन उठली. वऱ्हाड कुजबुजू लागलं. मालूने मान खाली घातली. ठमाबाईने मला पुढे धरलं आणि धवळा सुरू केला: कुणी फोडलं, कसं फोडलं, आणि कुणाच्या ट्रंकेला त्याच हाताने सलाम ठोकला. सगळं नावानिशी!

आजीने माझ्या टोकावर बोट फिरवलं. रक्ताचा थेंब आला.

"यानं फोडला, त पोरीचा काय दोस?" म्हणत तिने उरलेलं मडकं स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं. लग्न लागलं. मासळी विकणाऱ्या बाया तो धवळा पुढे पनवेलच्या बाजारात काशीरामच्या तोंडावर म्हणत.

मला मागायला तो आला नाही. ठमाबाईच्या परसात वेल धरून मी गंजतेय, तक्रार नाही. पण स्टेशनात दुसरी सळई आलीच असणार, याबद्दल मला शंका नाही. ती दिसली, तर कुणाच्या टोपलीकडे चाललीय ते बघा. आणि मान खाली घालून पुढे जाऊ नका. मोठ्याने विचारा: ट्रंक कधी उघडणार?