शिवारातला शेवटचा जोंधळा

इंद्रजितचं तोंड बघितलं की रंगूबाईचं पित्त खवळायचं. सख्ख्या दिराचा पोरगा, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या अंगाची लाही व्हावी.

विट्याच्या अलीकडच्या त्या शिवारात एके काळी चहूकडं शाळू जोंधळाच असायचा. मग दिल्ली-कलकत्त्याचे व्यापारी द्राक्षाला यायला लागले, आणि एकाचं बघून दुसऱ्यानं रानात लोखंडी अँगल रोवले. खाऊ देत की दिल्लीवाल्यांना द्राक्षं, कोण नको म्हणतंय! पण जोंधळा पेरणारी उरली एकटी रंगूबाई. चारी बाजूंनी बागा, मधे तिचं वीस गुंठ्यांचं वावर. वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा, सगळं त्यातनंच निघायचं.

पौषात भोरड्या आल्या. पूर्वी ही पाखरं शंभर रानांत वाटून खायची, आता सगळा थवा हिच्याच कणसांवर. रंगूबाई दिवसभर माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. खांदा नुसता ठणकायचा.

अशात शेजारच्या आपल्या बागेतनं इंद्रजित बांधावर आला.

"काकी, तुमच्या जोंधळ्यापायी पाखरं गोळा व्हत्यात. परवा दिल्लीचा व्यापारी बाग बघाय येतोय. एक मणी टोचला तरी आख्खा घड नासतो. काढा ह्ये पीक."

"आरं, दाणा अजून चिकात हाय! पंधरा दिस थांब की."

"न्हाई थांबत. उद्या सांजंपतूर काढा, न्हाईतर गाडीवाटंवर तारा मारतो. वाट माज्या रानातनं हाय. मग बसा कणसं कुजवत."

"मुडद्या, ह्योच जोंधळा खाऊ घालून तुज्या बापानं तुला वाढीवला!"

"आन म्या द्राक्षं इकून बंगला बांदला," असं म्हणून तो थुंकला आणि चालता झाला.

वाटेसाठी तहसीलला खेटे घालायचे, तर निकाल लागेस्तोवर पीक मातीत गेलं असतं. दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं आणि सून पूजानं सगळा जोंधळा काढला. दाणा दाबला की दूध यायचं. रंगूबाईला भरल्या ताटावरनं उठवल्यासारखं झालं. काढता काढता ती इंद्रजितच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि त्यातल्या सहा आपल्याही आहेत हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

सकाळी भोरड्या नेहमीसारख्या आल्या. वावर मोकळं. दोन घिरट्या घेतल्या आणि आख्खा थवा इंद्रजितच्या बागेत उतरला. त्यानं फटाके लावले, डबे बडवले. उपाशी पाखरं कुठली ऐकतात? शेवटी धावत रंगूबाईच्या दारात आला.

"काकी, गोफण घिऊन चला. गावात दुसऱ्या कुणाला येत न्हाई. पाया पडतो!"

रंगूबाई जनावरांपुढं जोंधळ्याची हिरवी ताटं टाकत होती. तिनं मान वर केली नाही. दुपारी व्यापाऱ्यानं एक घड उचलला, बोटांना रस लागला, तो झटकून माणूस गाडीत बसला. जिरली मेल्याची! रंगूबाईचं काळीज गार झालं. पण त्या वर्षी तिनं विजापूरचा जोंधळा विकत आणला, आणि त्याची भाकरी काही तिला गोड लागली नाही.

भादव्यात इंद्रजित पुन्हा आला, या वेळी अगदी मऊ आवाजात.

"काकी, औंदा जोंधळा पेरा. बी म्या देतो, वाट मोकळी ठिवतो. राखायचीबी गरज न्हाई, पाखरांनी खाल्लं तर खाऊ द्या."

"म्हंजी माजी भाकरी पाखरांम्होरं टाकू? तुजी द्राक्षं दिल्लीला जावीत म्हनून?"

"तसं न्हवं, काकी…"

"तसंच हाय. आन वावर न्हाई आता माज्याकडं. मद्रासात सोनं गाळून पैसा केल्याला विट्याचा गलाईवाला हाय न्हवं, त्येला धा वर्सांच्या करारानं दिलं."

इंद्रजितचा चेहरा पडला. "त्यो काय करनार?"

"द्राक्षं लावनार. दुसरं काय लावत्यात आता? शिवारात जोंधळ्याचं एक ताट ऱ्हायचं न्हाई. भोरड्या येतील तवा बस बोंबलत!"

हे सुनावताना मस्त हसायचं, असं तिनं कितीदा ठरवलं होतं. पण तिला रडूच फुटलं, आणि ते त्याला दिसायच्या आत तिनं दार लावून घेतलं.