पंधरावी विद्यार्थिनी

तिने फोन उचलला, आईचा नंबर अर्धा फिरवला आणि रिसीव्हर परत जागेवर ठेवून दिला. आईला काय विचारायचं? ती काय, मुलाचीच बाजू घेणार. समोरच्या पडद्यावर एक ओळ लाल झाली होती आणि त्या ओळीत तिच्या आईचं नाव होतं.

विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागात ती इतकी वर्षं होती की सगळे तिला आकडेबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तीही ओ देत होती. दरवर्षी याच सुमारास प्रत्येक विषयाचा विभाग आपल्या विद्यार्थ्यांची नावं आणि जन्मतारखा पाठवायचा. आकडेबाई ती एकत्र करायची आणि सरकारने दिलेल्या संगणकी तपासणीतून काढायची. कुठे काही खटकलं की तेवढी ओळ लाल व्हायची. ती एकतर दुरुस्त करायची, नाहीतर काढून टाकायची, आणि मग सगळं बरोबर आहे असं स्वतःच्या सहीने लिहून शिक्षण खात्याकडे रवाना करायचं. विद्यापीठाला अनुदान किती मिळणार, कुठला विषय चालणार आणि कुठला बंद पडणार, हे त्या आकड्यांवर ठरत होतं.

वयामुळे लाल झालेल्या ओळी दर खेपेला निघत. कुणी पोरगं घाईत स्वतःच्या जन्मतारखेच्या जागी बापाची टाकायचं, कुणी आकडे उलटेपालटे टाइप करायचं. आकडेबाई मनातल्या मनात हसायची, मूळ अर्ज मागवायची आणि सुधारून टाकायची. पण या ओळीतली तारीख चुकलेली नव्हती. बहात्तर वर्षांपूर्वीची ती तारीख तिला पाठ होती. विषयाच्या रकान्यात भूगर्भशास्त्र लिहिलं होतं, आणि भूगर्भशास्त्राचा विभागप्रमुख म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

त्या विभागात आईला धरून बरोबर पंधरा नावं होती. पंधराच्या खाली संख्या गेली की तो विषय पुढल्या वर्षापासून बंद, असा नवा नियम आला होता. आकडेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा पोरं जमली, पंधरावं काही मिळेना, म्हणून या गृहस्थाने आईला भरती करून टाकलं. आणि सही कुणाची? बहिणीची. ती खुर्ची मागे सारून उठली, शिपायाला 'आलेच' म्हणाली आणि तडक आवार ओलांडून गेली.

भूगर्भशास्त्राचा विभाग सगळ्यात जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. कपाटांत दगड, खिडकीत दगड, खुर्चीवरसुद्धा दगडांची खोकी. दादा कोपऱ्यातल्या बेसिनपाशी उभा राहून जुन्या टूथब्रशने एक दगड घासत होता. तिला बघून त्याने नळ बंद केला नाही.

"आईचं नाव तुझ्या यादीत काय करतंय?"

"शिकतेय," तो म्हणाला.

"दादा, मी इथे थट्टा करायला आलेले नाही."

"मी पण नाही. अर्ज तिने स्वतः भरलाय."

तिचा काडीचाही विश्वास बसला नाही. हाच दादा शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर आईची सही ठोकायचा आणि पकडला गेला की 'तिनेच केली' म्हणायचा. तिने त्याला ते ऐकवलं. तो विषय तसाही मरायला टेकलाय हेही ऐकवलं. स्वतःची खुर्ची वाचवायला म्हाताऱ्या बाईचं डोकं मोजायला निघालास, जरा तरी लाज बाळग, असं बरंच काही ती बोलून गेली. शब्दाने शब्द वाढत गेला. दादाने नळ बंद केला, हात पुसले, आणि तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे ती आणखीच भडकली.

"चिमे, वाणिज्य शाखेत तुझ्या कागदावर किती मुलं आहेत?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"तीनशेच्या वर आहेत. त्यांच्या सगळ्यात मोठ्या वर्गात बाकं किती आहेत, ते कधी पाहिलंयस? ती मुलं कुठे बसतात? एकमेकांच्या मांडीवर? त्यांची ओळ कधी लाल होते का गं?"

होत नसे. फी भरून नाव लावायचं, वर्षभर भलतीकडे नोकरी करायची, परीक्षेच्या वेळी कसंबसं उगवायचं. असली नावं वाणिज्यकडे ढिगाने होती आणि त्यांच्या जन्मतारखा एकदम चोख होत्या. फार पूर्वी एकदा आकडेबाईने भीत भीत हा विषय कुलसचिवांकडे काढला होता. त्यांनी तिला बसवून घेतलं, चहा दिला आणि अगदी मायेने समजावलं, की या आकड्यावर अख्ख्या विद्यापीठाचे पगार चालतात, बाई, तुमचे पण. तुमचं काम बेरजेचं. तेव्हापासून ती बेरीज करत होती. दादाने नेमकं तिथेच बोट ठेवलं, आणि दुखऱ्या जागी बोट ठेवलं की माणूस विचार करत नाही.

"चोराने दुसऱ्या चोराकडे बोट दाखवलं म्हणून तो सुटत नाही," ती म्हणाली.

दादा वळला आणि ओला दगड उजेडात धरून बघत बसला, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

पाचच्या आत विवरण पाठवायचं होतं. आकडेबाई जागेवर आली, लाल ओळीवर गेली आणि तिने आईचं नाव काढून टाकलं. विचारलेल्या कारणात 'अपात्र' निवडलं. बाकी सगळी पानं हिरवीगार झाली. तिने सही केली आणि पाठवून दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचीही भीडभाड न ठेवता काम केलं, अगदी सख्ख्या भावाचीसुद्धा नाही, या विचाराने तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं बसस्टॉपपर्यंत टिकलं, आणि मग तिला वाटलं, आईला आपणच सांगितलेलं बरं.

आई दादाकडे राहायची. दादा अजून आलेला नव्हता. वहिनीने दार उघडलं आणि 'आतल्या खोलीत आहेत, अभ्यास चाललाय' असं म्हणून ती आपल्या कामाला गेली. हे ती अशा सहजपणे म्हणाली, की आकडेबाई चपला काढता काढता थबकली.

आई टेबलाशी बसली होती. पुढ्यात सहा-सात दगड मांडलेले, हातात भिंग. एका दगडावर ती लोखंडी खिळ्याने चरा ओढायची, भिंगातून बघायची आणि वहीत काहीतरी लिहायची. अक्षर मोठं आणि सावकाश होतं. लेक आल्याचं तिने पाहिलं, पण हातातला दगड संपवल्याशिवाय तिने मान वर केली नाही.

"उद्या तोंडी परीक्षा आहे," आई म्हणाली. "दोन दगड मला अजून एकसारखेच दिसतात."

आकडेबाई पलंगाच्या कडेवर टेकली. अर्ज खरंच तूच भरलास का, असं तिने विचारलं. मीच भरला, आई म्हणाली, आणि रोज सकाळी पहिल्या बाकावर बसते, कारण डाव्या कानाने ऐकू येत नाही. पोरं आधी हसली, आता तिच्याकडून वही मागून नेतात. हे सगळं ती कौतुकाने सांगत होती, आणि सांगता सांगता तिला लेकीचा चेहरा दिसला.

"काय झालं?"

आकडेबाईने सांगितलं. लाल ओळ, पंधराचा नियम, दादाशी झालेलं भांडण, पाचच्या आत पाठवलेलं विवरण. सांगताना तिने 'अपात्र' हा शब्द गाळला. आईने भिंग टेबलावर ठेवलं.

"मला विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, दादाने..."

"दादाने काय? त्याने तीनदा नाही म्हटलं मला. लोक म्हणतील, आकडा भरायला आईला घुसवली. मी म्हटलं, म्हणू देत लोकांना काय म्हणायचं ते." आई थांबली. "लोक काही म्हणाले नाहीत. तू म्हणालीस."

आकडेबाईला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून ती बोलली. "पण मला सांगायचं तरी. मी काय परकी आहे?"

"मोबाइल शिकव म्हटलं होतं तुला. 'दे इकडे, मी करते.' बँकेचा अर्ज घेऊन बसले होते, तेव्हा पण तेच. 'दे इकडे.' " आईचा आवाज आता थरथरत होता, आणि ते रडणं नव्हतं. आई संतापली होती. "म्हटलं, हे दगड तरी माझ्या हातात राहू देत."

बाहेर वहिनीने कुठलासा नळ सोडला. आई दगड एकेक करून खोक्यात ठेवू लागली, मग मध्येच थांबली आणि पुन्हा बाहेर काढू लागली.

"नियम तुला माहीत," ती म्हणाली. "उद्या मी परीक्षेला बसायचं की नाही, तेवढं सांग."

"बस ना."

"कोण म्हणून?"

आकडेबाई निघाली तेव्हा दादा जिन्यात भेटला. दोघं एकमेकांना वाट देण्यासाठी एकाच बाजूला सरकली, मग दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी तोच भिंतीला चिकटून उभा राहिला. ती खाली उतरली.

रात्रभर तिला स्वतःचा राग येत होता, आणि तो राग मधूनमधून सगळ्यांवर घसरत होता. दादावर, कारण तो एवढा खरा होता तर तोंड उघडून नीट सांगायला काय झालं होतं? आईवर, कारण तिने लपवलं. सरकारच्या त्या तपासणीवर, जिला बहात्तर वर्षांची शिकणारी बाई खुपते आणि तीनशे न येणारी पोरं खुपत नाहीत. आणि फिरून गाडी परत स्वतःवर. तपासणीने फक्त सांगितलं होतं, जन्मसाल बघून घ्या. अपात्र हा शब्द आपण निवडला.

सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच ती जागेवर येऊन बसली. पाठवलेल्या विवरणात चूक निघाली तर सुधारायला सरकार थोडी मुदत द्यायचं. पण सुधारणा म्हणजे पहिल्या सहीने खोटं लिहून दिलं होतं अशी कबुली, आणि तशी कबुली देणाऱ्याची विचारपूस होते हे ती जाणून होती. तिने आईचं नाव परत घातलं. कारणांच्या यादीत 'टंकलेखनातली चूक' होती, 'कागद उशिरा मिळाले' होतं, 'विद्यार्थी परत आला' हेही होतं. यातलं कुठलंही निवडलं असतं तर कुणी विचारलं नसतं. तिने 'इतर' निवडलं आणि चौकटीत लिहिलं : 'विद्यार्थिनी नियमित वर्गात येते. तिला न विचारता नाव काढले होते. चूक माझी.'

ओळ हिरवी झाली. भूगर्भशास्त्रापुढे पंधरा आले. आता पाठवायचं आणि सुटायचं, म्हणून तिने बटण दाबलं, तर पडद्यावर आणखी एक चौकट आली. एक आकडा बदलल्यामुळे संपूर्ण विवरण नव्याने प्रमाणित करणे आवश्यक आहे. त्याखाली एक वाक्य आणि वाक्यापुढे खूण करायला रिकामी जागा : 'यातील सर्व विद्यार्थी प्रत्यक्ष शिकत असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.'

वाक्य काही नवीन नव्हतं. दरवर्षी ती त्यापुढे खूण करायची, दुकानदाराने पिशवी हवी का विचारल्यावर मान हलवावी तशी. आज तिने ते वाचलं. मग तिने पान वर सरकवलं आणि वाणिज्य शाखेची ओळ शोधली. तीनशे बारा. त्या ओळीवर कुठे लाल ठिपकासुद्धा नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला. कुलसचिवांच्या खोलीतून होता. विवरण पुन्हा उघडल्याचं तिकडे दिसलं असणार. बाई, काल पाठवलेलं आज परत का उघडलंत, एवढंच त्यांनी विचारलं, आणि तेही मायेनेच. एक नाव राहिलं होतं, ती म्हणाली. एवढ्याशा विषयासाठी सगळं उकरून काढू नका, त्यांनी सांगितलं, ते नाव बाहेरच राहू द्या, भावाची सोय आपण दुसरीकडे करू. भावाची सोय हे शब्द ऐकून तिचे कान तापले. कालपर्यंत तीही हेच समजत होती, की हा सगळा खटाटोप भावाच्या सोयीसाठी आहे.

"नाव भावाचं नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

खूण न करता तिने पडदा तसाच सोडला, चष्मा घेतला आणि ती बाहेर पडली. वाणिज्यची इमारत नवी होती, काचेची, आणि आजवर ती तिथे फक्त सत्कार समारंभांना गेली होती. पहिला तास सुरू झाला होता. सगळ्यात मोठ्या वर्गाचं दार बंद होतं. तिने टकटक केलं नाही. दार ढकललं तशी पुढच्या बाकांवरची थोडी मुलं वळून बघू लागली. त्यांच्या मागे शेवटच्या भिंतीपर्यंत बाकं रिकामी होती. शिकवणारे प्राध्यापक खडू हातात धरून थांबले.

"कोण हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"सगळे," आकडेबाई म्हणाली.