आभाळातला शेजार

"मग आज कोण सरकणार? तुम्ही की आम्ही?" उपग्रह नियंत्रण कक्षातून काकूंनी फोनवर विचारलं.

पलीकडून उत्तर यायला नेहमीसारखा अर्धा श्वास गेला. "आमचं इंजिन अडकलंय, शेजारीणबाई. जागचं हलता येत नाही. नुसते वाहत येतोय, तुमच्याच दिशेनं."

हे शेजारी समुद्रापलीकडच्या देशातले. आभाळात दोन्ही देशांचे उपग्रह दाराला दार लावून उभे, एवढंच नातं. सोळा वर्षांपूर्वी ओळख झाली तीही धडकता धडकता. कुणाचातरी निकामी उपग्रह मधून जाणार होता. तेव्हा दोघांनीही एकमेकांना न विचारता, अगदी सभ्यपणे, आपापला उपग्रह बाजूला घेतला आणि नेमका एकमेकांच्या अंगावर नेला. चिंचोळ्या बोळात दोन भली माणसं एकमेकांना वाट देताना एकाच बाजूला सरकतात, तसं. मग दोन्ही संस्थांचा करार झाला: आधी फोन, मग हालचाल. सह्या मोठ्या माणसांच्या, फोनवर मात्र काकू आणि हे शेजारी, दोघेच. बोलायचे तिसऱ्याच भाषेत, आणि ती दोघांचीही सारखीच मोडकी, म्हणून भांडण असं कधी झालं नाही.

त्यांचा फोनही उपग्रहावरूनच चाले. शब्द वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायची काकूंची सवय घरापर्यंत गेली. नवरा समजे, बायको आपलं म्हणणं तोलूनमापून मग बोलते. त्या गैरसमजावर संसार बरा चालला होता.

दूरदूरच्या बेटांचे फोन चालवणारा काकूंचा उपग्रह बारा वर्षांच्या बोलीनं वर गेलेला, आता सतराव्यात होता. सगळा कक्ष त्याला 'म्हातारी' म्हणे. काकूंनी इंधन थेंबाथेंबानं पुरवलं म्हणूनच ती टिकली. आता टाकीत नऊ किलो उरलं होतं. त्यातलं आठ शेवटच्या चढाईसाठी, कारण थकलेल्या उपग्रहानं इतरांच्या वाटेत न मरता उंचावर, मोकळ्या जागी जाऊन निजावं, अशी साऱ्या देशांनी मिळून ठरवलेली रीत आहे. उरलेल्या एका किलोवर चाळीस दिवस काढायचे होते. मग नवा उपग्रह येणार आणि काकूही निवृत्त होणार. म्हातारीनं आणि आपण एकाच दिवशी सुटावं, एवढं एकच स्वप्न त्यांनी कुणाला न सांगता बाळगलं होतं.

आज बाजूला होऊन परत जागेवर यायचं तर तीन किलो जाणार. मग चढाई विसरा.

"त्यांचं बिघडलंय, आपण का हलायचं?" साहेब म्हणाले. काकूंपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण साहेब. "काकू, गणित सांगतं, शंभरात नव्व्याण्णव वेळा काही होत नाही."

"आणि राहिलेली एक वेळ?"

"तेव्हा मी रजेवर असेन."

काकू हसल्या नाहीत. पडद्यावरची, म्हातारीच्या संकेतांची हिरवी रेघ संथ वळत होती. दुपार अशी पसरली होती की कक्षातली यंत्रंही पेंगत गुणगुणताहेत असं वाटावं. त्यांनी फोन उचलला.

"आम्ही कायमचेच वर जातो," त्या म्हणाल्या. "पण आमच्या बेटांचे फोन…"

"आमच्या दुसऱ्या उपग्रहावर घ्या. जागा करून ठेवलीय. चाळीस दिवस काय, हवे तितके दिवस राहा."

"वरिष्ठांना विचारलंत कधी?"

"सकाळीच. तुम्ही काय कराल ते माहीत होतं."

"आगाऊ आहात," काकू म्हणाल्या. साहेबांनी चढाईच्या हुकमावर सही केली.

बेटांचे फोन त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेले. मग तीन दिवस म्हातारी चढत राहिली. गुडघ्यावर हात टेकत, एकेक पायरी घेत माळ्यावर निजायला निघाल्यासारखी. खालून तो इंजिन अडकलेला परका उपग्रह झोपेत चालणाऱ्या माणसासारखा तिच्या मोकळ्या जागेतून निघून गेला. वर बघितलंही नसेल त्यानं. काकू डबा न उघडता रेघेकडे बघत बसत. रेघ पुसट होई, मग पुन्हा उमटे, आणि बघता बघता खोलीच वर निघाली आहे असं त्यांना वाटे.

तिसऱ्या दुपारी उरलंसुरलं इंधन सोडून दिलं. शेवटची आज्ञा काकूंनी स्वतः पाठवली. रेघ सपाट झाली.

"गेली?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"निजली."

काकूंनी नोंदवहीत वेळ लिहून ठेवली.

मग काकूंनी सर्वांत दूरच्या बेटावरच्या दवाखान्याला फोन लावला. तिथल्या नर्सबाईंनी उचलला.

"सहज विचारते, गेले तीन दिवस फोनवर आवाज कसा येतोय?"

"रोजच्यासारखाच. का हो, काही बदललंय का?"

"नाही. काही नाही."

"मग ठेवू? एकाचं ड्रेसिंग अर्ध्यावर टाकून आलेय."

"ठेवा, ठेवा," काकू म्हणाल्या, आणि तिकडे फोन ठेवला जाईपर्यंत थांबल्या. ठेवल्याचा तो बारीकसा खट्ट आवाजही अगदी स्वच्छ आला.