जास्तीचं तांबं

कारंजा गावात मोटर भरून देणारी बाई एकच, आणि ती म्हणजे लिलाबाई. शेतातली मोटर जळली की आतलं काळंठिक्कर तांबं उपसायचं, नव्या तारेचे वेढे भरायचे, वार्निश पाजायचं आणि ज्याची त्याच्या हवाली करायची. हा धंदा मूळचा तिच्या नवऱ्याचा, देवमनचा. तिला शिकवलं असं कुणी नाही. वीस वर्षं तारेचं दुसरं टोक धरून बसलं की माणूस शिकतोच. तोंड बंद ठेवलं तर जरा लवकर शिकतो, पण तेवढं काही तिला जमलं नाही.

देवमनचा कायदा एकच होता: तांबं चोरायचं नाही. जाड तारेच्या जागी बारीक भरून मोकळं होणारे पुष्कळ. तो त्यातला नव्हता. लिलाबाईनं त्या कायद्याला आपलं एक कलम जोडलं, की उलट थोडं जास्तच घालायचं. कारण आपल्याकडचं व्होल्टेज म्हणजे लग्नातला नवरदेवाचा मामा. कधी येईल, किती येईल आणि कशावरून रुसेल, सांगता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी देवमन गेला. त्यानंतर दोन महिने ती रोज शटर उघडून बसली आणि रोज रिकामी घरी गेली. बाईच्या हातात मोटर द्यायची कुणाची छाती होईना. मग एक दिवस इंझोरीचे नरेंद्रभाऊ आपल्या विहिरीची मोटर टेम्पोत टाकून घेऊन आले. ती चालली, आणि तिच्यामागं बाकीच्या आल्या. तेव्हापासून त्या घराचं नाव निघालं की लिलाबाई बसल्या जागी जरा सावरून बसायची.

त्याच घरचा अश्वजित फेब्रुवारीत दुकानात आला. नरेंद्रभाऊंचा मुलगा, शाळेत गणिताचा मास्तर, वय सत्तेचाळीस, आणि भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा.

“काकू, एक ट्रान्सफॉर्मर भराचा हाये.”

“वेल्डिंगचा का स्टॅबिलायझरचा?”

“गिटारच्या मशीनचा.”

मग त्यानं सगळं सांगितलं. अमरावतीला शिकत असताना होस्टेलवर एकाकडे एक कॅसेट होती, कॉपीची कॉपी. ऐंशीच्या सालातली, इंग्लंडातल्या हेवी मेटलवाल्यांची. त्यातल्या गिटारचा आवाज त्याच्या कानात जो बसला, तो तीस वर्षांत उठला नाही. मोबाइलवर मिळतो, पायाखाली दाबायच्या डब्यांतूनही मिळतो, पण त्याच्या मते तो फोटोतला पेढा. म्हणून त्यानं त्या काळातल्या अॅम्प्लिफायरचा नकाशा शोधून, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह मागवून, सगळं स्वतः जोडलं होतं. राहिला होता शेवटचा ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला.

“आवाज तिथंच बनते, काकू. आन् माह्या बोटायचे सांधे आता धरून राह्यले. अजून किती साल वाजवीन, सांगता येत नाई.”

त्यानं कागद दिला. वेढे किती, तार कोणत्या नंबरची, लोखंडी पट्ट्यांची चळत किती उंच, सगळं मास्तरी अक्षरात. लिलाबाईनं तो दोनदा वाचला आणि मनात म्हणाली, हा हिशेब इंग्लंडच्या विजेचा आहे. शिवाय या घराला काय मोजूनमापून द्यायचं? तिनं पट्ट्या एक साइज मोठ्या घेतल्या, तार एक नंबर जाड घेतली, आणि आयुष्यात भरला नसेल असा देखणा ट्रान्सफॉर्मर भरला. कुणाला बोलली नाही. उपकाराची परतफेड काय कुणी बोलून दाखवतं?

आठवड्यानं फोन आला. “मस्त झालं काकू.” बस, तेवढंच. तिनं दोनदा विचारलं, अरे, ऐकव तरी. तो दोन्ही वेळा म्हणाला, ऐकवतो ना. एप्रिल आला. जयंतीला त्यानं जुन्याच मशीनवर वाजवलं असं तिच्या कानावर आलं, तेव्हा मात्र ती पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं इंझोरीला गेली.

नरेंद्रभाऊ लिंबाखाली खाटेवर बसले होते.

“जय भीम, भाऊ. अश्वजित हाये?”

“हाये. पण तुमी आल्या म्हणल्यावर लपून बसन.”

“काहून बाप्पा?”

“त्याच्या डब्ब्यातून रेडिओवरच्या बातम्यावानी आवाज येते. साफ. धुतल्यावानी. म्या म्हणलं, बिघडलं का रे? तर म्हणते, बाबा, चूप राहा, लिलाकाकूनं केलं हाये.”

अश्वजित दारात येऊन उभा राहिला होता. गृहपाठ न केलेल्या पोरासारखा.

लिलाबाई आत गेली. मशीन पाहिलं. ट्रान्सफॉर्मर बसावा म्हणून पत्र्याची भोकं घासून वाढवलेली होती.

“हे तू केलं?”

“कानशीनं.”

“आन् मले सांगितलं नाई.”

“तुमी जास्तीचं तांबं घातलं, तुमी तरी कुठी सांगितलं?”

तिनं वाकून ती भोकं परत एकदा पाहिली.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “मशीन जोरात वाजलं की त्या लोखंडाचं पोट भरलं पाहिजे. भरून वर आलं पाहिजे. तवा तो आवाज येते. तुमी एवढं मोठं पोट देलं की ते भरतच नाई.”

“म्हंजे ढेकर पाहिजे.”

“ढेकरच पाहिजे.”

“मंग मस्त झालं काहून म्हणला रे? दोन महिने मी खुश होऊन राह्यली.”

“कसं सांगू? तुमी भरलेल्या मोटरीच्या पाण्यावर आमचा संत्र्याचा बगीचा झाला. त्याच्यावर माही पोरगी स्नेहा नर्सिंग शिकली. तुमाले नावं ठेवाचं म्हणजे...”

लिलाबाईला हे नवीन होतं. आपणच या घराचं देणं लागतो असं ती नऊ वर्षं धरून चालली होती. ती बाहेर आली आणि मनात कधीचं होतं ते विचारून टाकलं.

“भाऊ, तवा मोटर माह्याकडंच काहून आणली तुमी?”

नरेंद्रभाऊंनी जरा आठवून पाहिलं. “त्या दिवशी समोरचं मोटरवाल्याचं दुकान बंद होतं.”

“बाबा,” अश्वजित म्हणाला.

लिलाबाई खाटेच्या कडेला टेकली. नऊ वर्षांचं सावरून बसणं, आणि सगळं एका बंद शटरवर. तिला हसावं की काय करावं कळेना.

“पुढच्या साली बोअरची मोटर आणली तुमच्याकडं,” म्हातारा म्हणाला, “तवा चालू होतं ते दुकान.”

मग मात्र ती हसली, आणि डोळ्याला पदर लावून परत हसली. चहा प्यायली. ट्रान्सफॉर्मर सोडवून पिशवीत टाकला आणि दुपारच्या गाडीनं परतली.

आपलंच देखणं काम उकलणं वाईट असतं. त्याहून वाईट म्हणजे कमी भरणं. हात सवयीनं जाड रिळाकडे जायचा, ती ओढून बारीककडे आणायची. देवमनच्या फोटोकडे तिनं मुद्दाम पाठ केली होती. कागदावर होते तेवढे वेढे, एक जास्त नाही, एक कमी नाही. पट्ट्या मोजून. शेवटचा वेढा टाकताना तिला पाकीट मारल्यासारखं वाटलं.

बुधवारी अश्वजितनं मशीन दुकानातच आणलं. ट्रान्सफॉर्मर जोडला, व्हॉल्व्ह तापू दिले आणि पहिली तार छेडली. समोरचा पानवाला चुना लावता लावता थांबला.

खरं सांगायचं तर लिलाबाईला तो आवाज आवडला नाही. गिरणीत खडा गेल्यावर जातं ओरडतं, तसा होता. पण मग त्यानं एकच सूर धरला. तो सूर विझेना. उलट जाड होत गेला, काठावरून सांडला आणि सांडता सांडता गायला लागला. अश्वजितनं डोळे मिटले होते. सुजलेल्या सांध्यांची बोटं तारेवर नुसती थरथरत होती, आणि चेहरा होस्टेलातल्या पोराचा झाला होता.

तो थांबला.

“खरं सांगजो,” ती म्हणाली. “मस्त म्हणला तर गिटार इथंच ठेवून घेईन.”

“हाच हाये, काकू. तीस साल झाले. हाच.” त्यानं डोळे पुसले. मग चुळबुळला. “पण...”

“पण?”

“वरच्या तारेले थोडा टोचते. वेढ्यायच्या मधात एक कागद वाढवला तर ते बसन.”

त्या घरातून तिच्या कामाला आपणहून आलेली ही पहिली तक्रार. लिलाबाईला इतकं बरं वाटलं की तिनं खुर्ची ओढली आणि स्पीकरच्या अगदी तोंडाशी जाऊन बसली.

“वाजव,” ती म्हणाली. “कुठी टोचते ते दाखव मले.”