अर्धलीनं शिकणं

मुंजाबानं पेन उचललं, कागदाला टेकवलं आणि परत खाली ठेवलं. शेजारी बसलेली त्याची बायको, आक्काबाई, त्या पेनाकडंच बघत होती. उद्या पाचपर्यंत पैसे भरले नाहीत तर लेकीची, योगिनीची, नर्सिंगची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

गारखेड्यातल्या एका संस्थेत टेबलापलीकडं सुरेखाताई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, आवाज मऊ. सरकारी सवलत वजा जाता उरलेली फी आणि वसतिगृहाचा खर्च संस्था चार वर्षं देणार होती. बापाची सही तेवढी हवी होती.

"काय अडलं, मुंजाबा?"

"ताई, मघाशी तुमी म्हणालात, हे दान नाय."

"नाहीच. ही गुंतवणूक. योगिनी कमवायला लागली की तिनं अशाच एका मुलीला शिकवायचं. मग ती मोकळी."

"म्हंजी अर्धली."

सुरेखाताईंना उमज पडेना, तेव्हा योगिनीच म्हणाली, "आमच्यात एकाची मेंढी दुसरा सांभाळतो, ताई. होतील ती कोकरं निम्मी-निम्मी."

"आन मेंढी मेली तर?" मुंजाबानं लेकीकडं न बघता विचारलं. "ते बी सांग की."

"तर मालकाची खूण असलेला तिचा कान कापून त्याला नेऊन दाखवायचा. मग तो भरपाई मागत नाही."

आक्काबाईनं मान खाली घातली. पेन कुठं अडलं ते तिला आता कळलं. सहा वर्षांखाली बिडकीनकडच्या सांडू नावाच्या मालकाच्या अकरा मेंढ्या त्यांनी अर्धलीनं सांभाळल्या होत्या. रोग आला, चार दिवसांत नऊ गेल्या. मुंजाबा नऊ कान फडक्यात बांधून घेऊन गेला. सांडूनं फडकं सोडलंसुद्धा नाही. चहा पाजला, एक वाकडा शब्द काढला नाही. पण त्यानंतर मुंजाबालाच काय, त्यांच्या अख्ख्या वस्तीत कुणालाच बाहेरच्यानं मेंढी दिली नाही.

"ही नापास झाली तर म्या काय आणून दाखवू?"

"काही दाखवायचं नाही. आमचे पैसे बुडाले, इतकंच."

"इतकंच नसतंय, ताई. वस्तीवर हिच्यामागं चार पोरी हायेत. ही पडली तर त्या पोरींना तुमी दारात उभं कराल?"

सुरेखाताईंना 'हो' म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

"मी करीन," त्या म्हणाल्या. "पण पैसे माझ्या एकटीचे नाहीत. बाकीचे विचारतील, मागच्या वेळी काय झालं."

"बघा," म्हणत मुंजाबानं कागद त्यांच्याकडं सरकवला. योगिनीचे डोळे भरले.

मनातल्या मनात बिरोबाला हात जोडून आक्काबाई म्हणाली, "अवो, एक बोलू? मेंढी मुकी. तिला कुठं दुखतंय ते आपल्याला कळंस्तोवर तिसरा दिस उजाडला. हिला काय तोंड नाय? घरात तर ऐकवत नाय, इतकं हाय."

योगिनीला रडता रडता हसू फुटलं.

"जड गेलं तर ही तवाच सांगंल. व्हय का नाय गं?"

"सांगीन," योगिनी म्हणाली. "पहिल्याच परीक्षेत अडले तरी ताईंकडं मीच येईन, आबा. तुम्ही नाही यायचं."

"लाज वाटंल."

"वाटू द्या."

मुंजाबानं कागद ओढला आणि एकेक अक्षर कोरत सही केली. सुरेखाताईंनी हात पुढं केला, तर यानं कागदावर पंजा ठेवलेला.

"एक हाय. अर्धलीचा मालक अधनंमधनं जनावर बघाया येतो. पैसे देऊन तुमी गप बसायचं नाय. तिच्या वसतिगृहावर जायचं. खाती का, वाळली का, पुस्तक उघडती का."

"जाईन. दर महिन्याला."

"सांगून जाऊ नका," मुंजाबा म्हणाला, आणि हात उचलला.