बीन की गॉन?

मित्रांनो, वाशीमच्या एका इंग्रजी शाळेच्या अडगळीत भिंतीला टेकून उभा असलेला मी एक जुना फळा आहे. खेमा सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले आणि दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलून मला काळेभोर केले. उकंडराव मास्तर रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. इंग्रजी व्याकरणाचा त्यांना भारी नाद. वाक्य लिहायचे, मधली जागा रिकामी सोडायची, बाजूला दोन शब्द ठेवायचे. त्यांतला योग्य तो मुलांनी निवडायचा.

या कामात इंद्रभानचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. गावाबाहेर त्याच्या आईचा, आवडाबाईचा, भाजीचा मळा होता. थोरला भाऊ चंपत जर्मनच्या लढाईत सरकारी खेचरे हाकायला समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याला गेला होता. दोन पावसाळे उलटले तरी त्याची खबर नव्हती. इंद्रभानला शिष्यवृत्ती मिळाली, तर तिच्यातून मोटेला गडी ठेवता येणार होता. नाही मिळाली, तर शाळा सोडून त्यालाच मोट हाकावी लागणार होती.

एके दिवशी मास्तरांनी माझ्यावर 'बीन' आणि 'गॉन' असे दोन शब्द लिहिले.

"गेला अन् वापस आला, तं बीन," ते म्हणाले. "गेला अन् आला नाई, तं गॉन."

इंद्रभान उभा राहिला. "मास्तर, येनार असंल तं?"

"आला नाई तोवर गॉनच."

तो खाली बसला. पाटीवर त्याने काहीच लिहिले नाही.

फाल्गुनात शाळा तपासणारे डिप्टीसाहेब शिष्यवृत्तीची परीक्षा घ्यायला आले. एकेका मुलाला ते माझ्यापुढे बोलावत. इंद्रभानने साऱ्या रिकाम्या जागा झरझर भरल्या. शेवटचे वाक्य उरले. माझा भाऊ घरी नाही, तो मुंबईला गेला आहे, अशा अर्थाचे ते होते. त्याने 'गॉन'चे पहिले अक्षर काढले, थांबला, तळहाताने ते पुसले आणि 'बीन' लिहिले.

"भाऊ घरी नाही असं वाक्यातच आहे. मग हा शब्द कसा?" साहेबांनी विचारले.

"तो येनार हाये, साहेब."

"कोण?"

इंद्रभानने खडू खाली ठेवला. मास्तर चाचरत म्हणाले, "साहेब, याचा भाऊ लढाईवर..."

"आपण व्याकरण तपासतो आहोत, मास्तर."

शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली.

पुढच्या आठवड्यात आवडाबाई डोईवर भाजीची पाटी घेऊन वर्गाच्या दाराशी आली. "मास्तर, एका सबदानं पोराची शाळा गेली म्हनते. कोनता व्हता तो?"

मास्तरांनी हळू आवाजात दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. ती माझ्याकडे बघत राहिली.

"भाऊ आला नाई, असं आपल्या हातानं कसं लेहीन तो?" ती म्हणाली. मग डोईवरची पाटी सावरत, "तुमीच त्याले समजावा, बराबर सबद कोनता ते. मले तं सांगवत नाई."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. ते मळ्यात गेले की नाही, मला ठाऊक नाही. इंद्रभान मोटेवर गेला तो पुन्हा वर्गात आला नाही. लढाई संपली, बसऱ्याहून माणसे परतली. त्यांच्यात चंपत नव्हता. मास्तरांनी ते दोन शब्द पुन्हा कधी शिकवले नाहीत, आणि पुढच्या वर्षीची मुले नेमकी त्याच प्रश्नात अडली.

आता माझा काळा रंग उडाला आहे. एका कडेने वाळवी लागली आहे. मित्रांनो, कुणाचा शब्द चुकला तर तो पुसण्याआधी, तसा का लिहिला, हे त्याला मायेने विचारा. विचारल्याने त्याचे भले होईलच, असे मी म्हणत नाही. इंद्रभानचे मन जाणणारी एकटी त्याची आई दारात आली, तेव्हा त्याचा तो शब्द माझ्यावर उरला नव्हता; मी स्वच्छ पुसलेला होतो.