बिब्ब्याचा डाग

“तोंड पुसलंस तं बघ!” चांगुणाआत्या दातओठ खात कुजबुजली आणि हळदीचा आणखी एक थर मंजुळाच्या गालावर बसला.

मंजुळा म्हणजे माझी आई. निजामाचं राज्य होतं तेव्हा, आणि ती पंधरा वर्षांची. शिरड शहापूरला मुंजाजीआजोबांची मेंढरं होती. आईच्या तोंडभर मुरमं. कडुलिंबाचा पाला झाला, शेळीच्या दुधात उगाळलेलं जायफळ झालं. शेवटी आत्या म्हणाली, “मेंढराच्या जखमेला बिब्बा चालतो, मंग पोरीला काहून न्हाई?” बिब्बा उतला. गाल भाजल्यासारखा सुजला. मुरमं राहिलीच, वर चिंचोक्याएवढा काळा डाग कायमचा बसला.

दोन ठिकाणांहून नकार आले होते. त्या दिवशी कळमनुरीकडचे सटवाजी मुलासाठी तिला पाहायला आले होते. तेही परतले, तर साखऱ्याच्या बिजवराला द्यायची, असं आजोबांनी सांगून टाकलं होतं.

पडवीत घोंगडीवर पाहुणे बसले. आई उठली ती रांजणाकडे गेली. दोन तांबे पाणी तोंडावर मारलं, पदराने खसाखसा पुसलं आणि तशीच पुढे येऊन बसली.

आजोबांनी मान खाली घातली.

“तोंडाला काय झालं, पोरी?” सटवाजींनी विचारलं.

“मुरमं हायेत. अन् हा बिब्ब्याचा डाग. आत्याला मी मेंढरू वाटले.”

दाराआड बायका खुसखुसल्या.

“जाईल का मंग?”

“न्हाई बी जायचा. तुमच्या पोराला मुरमं न्हाईत का?”

“मंजुळे!” आजोबा ओरडले.

सटवाजींनी हातानेच त्यांना थांबवलं. “हायेत. कपाळभर.”

“मंग त्याला कोन पाहून राहिलं?”

सटवाजी मिशीत हसले. “तूच ये पाहायला.”

अशी ती ज्ञानबाची, माझ्या वडिलांची, बायको झाली.

गेल्या महिन्यात आई गेली. सवाष्ण गेली म्हणून देवलाकाकूने मळवट भरला. मग हळदीची बोटं गालाकडे वळली. मी तिचा हात धरला.

“तोंडाला नको, काकू.”

“अगं, रीत हाय.”

“पायाला लाव,” दाराशी बसलेले वडील म्हणाले.

मी ओल्या फडक्याने आईचं तोंड पुसलं. डाग तिथेच होता, चिंचोक्याएवढा.

वडील उठले, जवळ येऊन बसले आणि तिला पाहत राहिले.